नाव गावाला, पोर सुरतेला

पोरांची ओळ केली आणि माझ्या मुलीनेच त्यांना रस्त्यापलीकडच्या गुजराती शाळेत नेऊन सोडलं. पुढे शालिनी, मागे मी. मधल्या पोरांनी एकमेकांचे शर्ट धरले होते, कारण सुरतेतल्या पांडेसऱ्याचा तो रस्ता साड्यांच्या गाठोड्यांनी भरलेल्या टेम्पोंचा आहे आणि टेम्पोवाले कुणाच्या बापासाठी थांबत नाहीत. शालिनीने हात वर करून एक टेम्पो अडवला. ड्रायव्हर हिंदीत काहीतरी वाकडं बोलला. एरवी तिने त्याला सोडलं नसतं. त्या दिवशी ती नुसती हात वर धरून उभी राहिली, शेवटचं पोर पलीकडे जाईपर्यंत.

सकाळी आचार्यांनी, म्हणजे इकडच्या हेडमास्तरांनी, तिला सांगितलं होतं, "शालिनीबेन, तुम्हीच पोचवून या. दुसऱ्या कुणी नेलं तर रडतील." ते बरोबर होतं. कुणी रडलं नाही. पोरांना वाटलं, बाई फिरायला नेतायत. एकाने तर रस्त्यातच डबा उघडला.

पलीकडच्या वर्गात बाकं होती. आमच्याकडे सतरंजी होती. तिथली बाई तरुण होती, हसतमुख. "आवो, आवो, बेसो," म्हणाली आणि प्रत्येकाच्या हातावर चॉकलेट ठेवलं. पोरं बाकांवर चढून बसली. पहिलीतली सोनी, जिचा बाप आमच्याच गल्लीत राहतो, शालिनीचा पदर सोडेना.

"बाई, तुम्ही बी आठेच बसशात ना?"

तुम्हीपण इथेच बसणार ना, असं ती अहिराणीत विचारत होती. शालिनी म्हणाली, "नही. तू बस." पदर सोडवून घेतला आणि बाहेर आली. पोरांना खोटं सांगायचं नाही ही तिची जुनी सवय. त्या दिवशी सांगितलं असतं तरी चाललं असतं, असं मला वाटलं.

परत आलो तेव्हा शिपाई आमच्या वर्गाला कुलूप लावून उभा होता. तिची छत्री आत राहिली होती. त्याने कुलूप काढून छत्री दिली आणि पुन्हा लावलं.

गावाकडून फोन येतात. शालूची मराठी शाळा बंद का पडली, गुजरातवाल्यांनी पाडली का, असं विचारतात. तिकडे बातमी तशीच पोचली आहे. तसं झालेलं नाही. फोनवर सांगायला गेलं तर लोक मधेच स्वतःचं सुरू करतात, म्हणून लिहिते. माझं शिक्षण गावच्या शाळेत चौथीपर्यंत. जे झालं ते लिहायला तेवढं पुरतं.

मी गाव सोडलं तेव्हा लग्नाला वर्ष झालं होतं. शिंदखेड्याच्या स्टेशनवर सासरे, सासू, माझी आई, सगळे आले होते. आई म्हणाली, "रडत जाऊ नको, डब्यात लोक असतात." सासू म्हणाली, "दोन साल ऱ्हा आनि परत या." आणि तिने माझ्या मांडीवर खापर ठेवलं. खापर म्हणजे पुरणाचे मांडे भाजायचं मातीचं मोठं भांडं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे मांडे लागतातच. सुरत येईपर्यंत मी ते मांडीवर धरून बसले, लघवीलासुद्धा उठले नाही. खापर धड पोचलं. इथे चूल नव्हती, रॉकेलचा स्टोव्ह होता. स्टोव्हवर खापर बसत नाही. शेवटी त्यात तुळस लावली. ती मेली.

शालूचे वडील डाइंगच्या मिलमध्ये होते. आमच्या खोलीमागून खाडी वाहायची. खाडीचं पाणी ज्या रंगाचं, त्याच रंगाचे हात घेऊन ते घरी येत. मी घरी बसून साड्यांना टिक्की, म्हणजे चमकी, लावायची. आजूबाजूला सगळे आपलेच होते, धुळ्याचे, नंदुरबारचे, जळगावकडचे. घरात सगळे अहिराणी बोलायचे. बाहेर हिंदी, दुकानात गुजराती. पुस्तकातली मराठी आम्हाला तरी कुठे येत होती?

दोन साल म्हटलं होतं, ते आम्ही खरं धरलं. म्हणून इकडे कशाचीच मुळं लावली नाहीत. रेशनकार्ड गावाला, मतदान गावाला, आखाजीला गावाला. पोरांचंही तसंच. आमच्या लोकांची ही पद्धतच पडून गेली. पोर सहा वर्षांचं झालं की सुट्टीत गावाला नेऊन तिथल्या शाळेत नाव घालायचं आणि पोराला परत आणून सुरतेच्या मराठी शाळेत बसवायचं. नाव तिकडेही, नाव इकडेही. पुढे जातीचा दाखला काढायचा, पोलीस भरतीत उभं राहायचं, तर महाराष्ट्रातल्या शाळेत शिकल्याचा कागद हवा. परत जायचंच आहे, तर तिकडचा धागा तोडायचा कशाला, असा विचार. गावचे मास्तरही नाही म्हणत नव्हते. त्यांची शाळासुद्धा पोरं मोजूनच चालायची. ते हजेरी लावायचे, आम्ही दिवाळीला त्यांना सुरतेचं शर्टपीस न्यायचो. कुणालाही यात काही वाईट वाटलं नाही. मलाही नाही.

शालू पहिलीत गेली ती पालिकेच्या मराठी शाळेत. तिथल्या बाई पुण्याकडच्या होत्या, नवरा बँकेत. बाई चांगल्या होत्या, पण त्यांना आमचं बोलणं कळत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात शालू उठून म्हणाली, "बाई, मुताले जाऊ?" वर्ग हसला. बाई म्हणाल्या, नीट बोल, मग जा. नीट म्हणजे काय ते शालूला ठाऊक नव्हतं. ती उभी राहिली आणि उभ्या उभ्याच झालं. मला बोलावणं आलं. मी फडक्याने जमीन पुसली, तिला घरी आणलं, फ्रॉक धुतला. माझ्या लेखी विषय संपला. तिच्या लेखी संपला नव्हता, हे मला ती बारावी झाली तेव्हा कळलं.

बारावीला मार्क चांगले पडले. मी म्हटलं, नर्सिंगला जा. माणसं सगळीकडे आजारी पडतात, नर्स उपाशी मरत नाही. हजीऱ्याकडे मोठे कारखाने, त्यांचे दवाखाने. ती म्हणाली, मी प्राथमिकची बाई होणार. शिक्षिकेचा दोन वर्षांचा कोर्स असतो, इकडे त्याला पीटीसी म्हणतात. तो मराठीतून करायचा आणि मराठी शाळेतच लागायचं.

मी विचारलं, "मराठी शाळेतच का?"

"पहिलीतल्या पोराला त्याच्या घरचं बोलणं कळणारी बाई पाहिजे."

"एवढ्यासाठी दोन वर्षं कोर्स? पोरांना मुतायला न्यायला शिपाई ठेवलेला असतो."

तिचे वडील हसले. ती हसली नाही. म्हणाली, "आई, तू फडकं घेऊन आलीस तेव्हा बाईंची माफी मागितलीस. कशाची मागितलीस?" मला आठवत नव्हतं. मागितली असेल.

तिचे वडील म्हणाले, "होऊ दे बाई. घरात एक तरी स्वच्छ हाताचं माणूस असू दे." त्यांचं एवढं एकच वाक्य झालं आणि ती पीटीसीला गेली. पुढे ते छातीच्या आजाराने गेले, पण तिची नोकरी पाहून गेले.

ती खरंच चांगली बाई झाली. हे मी आई म्हणून सांगत नाही. दर जूनमध्ये नवी पोरं यायची, आठवडाभर रडायची, तेव्हा मी तिच्या वर्गाच्या दारात जाऊन बसायची. आजी आहे म्हटल्यावर पोरं थांबायची. मी टिक्की लावायचं काम बरोबर नेत असे आणि हात चालवत बघायची. ती पहिल्या महिन्यात पुस्तक उघडतच नसे. "तुनं नाव काय शे? घरमा कोन कोन शे?" असं पोरांच्याच बोलण्यात बोलायची. मग हळूहळू एकेक शब्द बदलायची. आठेचं इथे, तठेचं तिथे. पोरांना कळायचंसुद्धा नाही, आणि दिवाळीपर्यंत पोरं पुस्तक वाचायला लागायची. एकदा साहेब तपासणीला आले आणि म्हणाले, बेन, तुम्ही पोरांशी अशुद्ध बोलता. ती म्हणाली, हो साहेब, अजून ऑगस्ट आहे.

तिला स्थळं आली. बहुतेक नाशिक, धुळ्याकडची. तिकडे गेलं की नोकरी सोडावी लागणार, इकडची पीटीसी तिकडे धरत नाहीत असं सगळे सांगायचे. तिने वर्ग सोडला नाही. मी भांडले, एकदा दोन दिवस जेवले नाही. तिने स्वतःचं जेवण केलं आणि शाळेत गेली. मग मी पण जेवले.

आता शाळा बंद कशी झाली ते.

एके वर्षी सगळ्या देशातल्या पोरांची नावं आधार कार्डासकट कॉम्प्युटरमध्ये गेली. कॉम्प्युटरला एक पोर दोन ठिकाणी चालत नाही. आमच्या शाळेतली अर्ध्याहून जास्त पोरं गावाकडच्या शाळांतही निघाली. आचार्यांनी पालकांना बोलावलं आणि सांगितलं, एक नाव ठेवा, एक काढा. शाळेला किती पोरं लागतात त्याचा नियम आहे. त्याखाली गेलं तर वर्ग बंद.

शालिनी घरोघरी फिरली. पूर्वीही ती जूनमध्ये फिरायची, पोरांची भरती करायला. तेव्हा लोक चहा पाजून पोर देत. आता चहा पाजत आणि नाही म्हणत. सगळ्यांनी गावातलं नाव ठेवलं, सुरतेतलं काढलं. ज्या घरांची गावाला एक खोली आहे, तीही पडकी, त्यांनीसुद्धा.

मग ती प्रकाशकडे गेली. प्रकाश माझा मुलगा, तिचा धाकटा भाऊ. टेक्स्टाइल मार्केटमध्ये सेल्समन आहे, आमच्या वरच्याच मजल्यावर राहतो. त्याचा यश तिच्याच शाळेत तिसरीत होता आणि त्याचंही नाव गावाला होतं. रविवार होता. मी त्यांच्याकडे मेथी निवडत बसले होते.

ती म्हणाली, "प्रकाश, यशचं गावातलं नाव काढ. इथलं राहू दे."

"ताई, आधी चहा घे."

"चहा सगळ्या गल्लीत पिऊन आले. तू बोल."

"मग ऐक. गावचं नाव काढलं की हा कायमचा सुरतेचा झाला. उद्या भरतीत उभा राहिला आणि विचारलं, शाळा कुठली, तर काय सांगू? आत्या नाराज होत होती म्हणून?"

"तो आठ वर्षांचा आहे. आत्तापासून भरतीत काय उभा करतोस?"

"बरं, भरती सोड. तू शिकवून आठवीतून बाहेर काढलेली पोरं पुढे कुठे जातात? सांग. इथे मराठी हायस्कुलं शोधायला दुर्बीण लागते. मीच बघ ना. मराठीत शिकलो, आणि मार्केटमध्ये पहिल्या वर्षी बिलावरचं गुजराती हमालाला विचारून वाचत होतो. तो हमाल मला मास्तर म्हणायचा, चिडवायला."

 शालिनी म्हणाली, "तू पोर काढलंस तर बाकीच्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू?"

तेवढ्यात वैशाली, माझी सून, स्वयंपाकघरातून म्हणाली, "ताई, तुमचं स्वतःचं पोर असतं तर ठेवलं असतं का तिथे?"

"असतं तर ठेवलं असतं."

"असतं तर," वैशाली म्हणाली.

मी म्हटलं, "वैशाली, चहा ठेव." दुसरं काय बोलणार? प्रकाशचं खोटं नव्हतं. शालूचंही नव्हतं. सूनबाई बोलली ते वाईट होतं, पण तिला तिच्या पोराची काळजी होती. शालिनी चहा न घेता खाली आली आणि रात्रीच्या जेवणाला तिने मेथीची भाजी मागून घेऊन खाल्ली. ती रुसत नाही. रुसली असती तर बरं झालं असतं.

कॉम्प्युटरमध्ये नाव गावाला, म्हणजे पोराला आता गावालाच बसवायला हवं. प्रकाशने यशला वैशालीच्या आईवडिलांकडे पाठवलं, त्याचं नाव तिथल्याच शाळेत होतं. त्याला गाडीत बसवायला मी गेले होते. मी ज्या लाइनीने आले त्याच लाइनीने तो उलटा गेला. तो खुशीत होता, कारण तिकडे क्रिकेटला मैदान आहे. वैशाली प्लॅटफॉर्मवर रडली. मला माझ्या आईचं आठवलं आणि मी तेच म्हटलं, रडू नको, लोक बघतात. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि जिन्याकडे निघाले.

यशचा फोन येतो. म्हणतो, आजी, हजेरीत नावं खूप घेतात, पण बसायला आम्ही थोडेच. बाकीची पोरं कुठे आहेत ते मला माहीत आहे. ती इथे आमच्या गल्लीत आहेत. त्यांच्या आईबापांनी नाव गावाला ठेवलं, पोर पाठवलं नाही, कारण तिकडे सांभाळायला कुणी नाही. ती दुपारी आईबरोबर साड्यांना टिक्की लावतात. काहींचा हात फार चांगला बसला आहे.

शालिनीच्या वर्गात शेवटी राहिली ती वेगळी पोरं. ज्यांचं गावाला काहीच नाही, घर नाही, काका नाही, कुणी दारात उभं करणारं नाही, त्यांचीच नावं फक्त सुरतेत होती. सोनी त्यातली. नियमाला ती पुरली नाहीत. त्यांना पलीकडे नेऊन सोडलं, ते मी सुरुवातीला लिहिलं.

आता शालिनी दुसऱ्या वॉर्डातल्या मोठ्या गुजराती शाळेत आहे. पगार चालू आहे. तिथे तिला फाजल शिक्षक म्हणतात, म्हणजे गरजेपेक्षा जास्तीची. वर्ग नाही. कुणी रजेवर गेलं तर त्या वर्गात बसायचं, मध्यान्ह भोजनाची पोरं मोजायची, निवडणुकीच्या याद्या घेऊन हिंडायचं. जी पीटीसी तिने मराठीतून केली, ती आता कुणी विचारत नाही. मी एकदा म्हटलं, संध्याकाळी गल्लीतल्या पोरांना बसव ओट्यावर. तिने एक आठवडा बसवलं. पोरं टिक्कीचं काम टाकून येईनात, आया पाठवेनात. ओटा परत रिकामा.

नर्सिंगला जा म्हणणारी मी होते. माझं खरं ठरलं. त्याचा काही उपयोग नाही.

मध्यंतरी सोनी भाजीच्या गाडीपाशी भेटली. दुकानांच्या पाट्या गुजरातीत घडाघडा वाचून दाखवल्या. चांगली वाचते. शालिनीला म्हणाली, "बेन, केम छो?" शालिनीने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गुजरातीतच उत्तर दिलं. आम्ही दोघी तशाच घरी आलो. भेंडी घ्यायची राहून गेली.

गेल्या आखाजीला मी गावाला गेले. घर आता दिरांच्या मुलांचं आहे. त्यांनी मला पाट मांडून, पाहुण्याला वाढतात तसं ताट वाढलं. मांडे विकत आणलेले होते. पुतण्या म्हणाला, काकू, आता इथेच राहा. चार वेळा म्हणाला, आणि पाचव्या दिवशी परतीची गाडी कितीला आहे तेही त्यानेच पाहून दिलं. त्याला दोष देत नाही. मला पण तिथे झोप लागत नाही, फार शांत आहे. रेशनकार्डावर माझं नाव अजून तिथेच आहे. सुरतेत माझ्या नावावर काही नाही. घर कुठलं विचारलं तर मी पांडेसरा सांगते, कारण औषधाच्या गोळ्या तिथल्या फळीवर आहेत आणि संध्याकाळी शालू तिथे येते.

शाळेच्या त्या खोलीत आता जुनी बाकं ठेवली आहेत. त्या दिवशी रस्ता ओलांडलेल्या पोरांपैकी कुणाला टेम्पोचा धक्काही लागला नाही. ती सगळी पलीकडे शिकतात. शिपाई रिटायर होऊन ओडिशाला गेला. शालिनी सकाळी तीच छत्री घेऊन निघते. मीही आहे, इथेच पांडेसऱ्यात.